रात्री दोनपर्यंत जागणारा बाप : सुभेदार रामजी सकपाळ

विहाराची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात भगवान बुद्धांवर लेख असतो, परमपूज्य बाबासाहेबांवर असतो, माता रमाईवर असतो, माता भीमाईवरही असतो. असायलाच पाहिजे. पण एक माणूस दरवर्षी मागच्या रांगेत बसून राहतो. १४ एप्रिलच्या भाषणात त्यांचे नाव एकदा येते, सुभेदार रामजींचे चौदावे रत्न म्हणून, आणि वक्ता लगेच पुढच्या मुद्द्यावर जातो. यंदा वर्धापनदिनाच्या निमित्ताने या माणसाजवळ जरा वेळ बसावे असे आम्हाला वाटले. कारण आपल्या वस्तीत घरोघरी असाच एक बाप आहे, निदान होता तरी. त्याचा फोटो भिंतीवर आहे, त्याच्या कष्टावर घर उभे आहे, पण त्याच्याबद्दल चार ओळी कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत. रामजीबाबांचे आयुष्य आठवताना त्या सगळ्यांचीच आठवण होईल, म्हणून हा लेखप्रपंच.

रामजी मालोजी सकपाळ यांचे मूळ गाव आंबडवे. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात ते येते. कोकणातल्या त्या गावात महार कुटुंबाच्या वाट्याला जे येत होते तेच सकपाळांच्या वाट्यालाही आले असते. पण रामजींचे वडील मालोजी सैन्यात गेले. त्या एका पावलाने घराची दिशा बदलली. गावकीच्या कामातून आणि बलुत्याच्या भाकरीतून सुटका करून देणारी वाट त्या काळी आपल्या लोकांना फार थोडी होती, आणि त्यातली एक म्हणजे पलटण. पलटणीत जात पूर्ण सुटत नव्हती हे खरे, पण अंगावर वर्दी होती, हातात पगार होता आणि मुख्य म्हणजे शाळा होती. सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिकवण्याची सोय तेव्हा लष्करात होती. गावात ज्याची सावलीसुद्धा नको होती, त्याला छावणीत पाटी-पेन्सिल मिळत होती.

रामजी याच वातावरणात वाढले, स्वतः सैन्यात भरती झाले आणि बंदुकीपेक्षा पाटीकडे जास्त ओढले गेले. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी मास्तरकीचे शिक्षण घेतले. पुढे लष्करी शाळेत मास्तर झाले, हेडमास्तर झाले, आणि सुमारे चौदा वर्षे त्यांनी हे हेडमास्तरचे काम केले. सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत ते पोहोचले. आज आपल्याला सुभेदार म्हटले की कमरेला तलवार लावलेला माणूस दिसतो. पण हे सुभेदार खडूच्या धुळीतले होते. जोतिराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. घरात कबीरपंथ होता. दारूला त्यांनी हात लावला नाही. पलटणीत राहून दारूपासून लांब राहणे किती अवघड, हे आपल्यातल्या जुन्या लष्करी पेन्शनरांनी सांगायला हवे!

त्यांचे लग्न मुरबाडकरांच्या भीमाबाईंशी झाले. मुरबाडकरांचे घराणे ठाणे जिल्ह्यातले, तेही लष्करातले. भीमाबाईंचे वडील सुभेदार मेजर होते. या जोडप्याला चौदा मुले झाली. चौदातली जगली पाच. बळराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन मुलगे, मंजुळा आणि तुळसा या दोन मुली. बाकीची लहानपणीच गेली. आपण हा आकडा भाषणात सहज बोलून जातो. पण ज्या बापाने नऊ लेकरांना आपल्या हाताने निरोप दिला, त्याच्या काळजाचे काय झाले असेल, याचा विचार आपण कधी केला आहे का? शेवटचे बाळ जगले. १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातल्या महू छावणीत, जिला आता डॉ. आंबेडकर नगर म्हणतात, तिथे भीमरावाचा जन्म झाला.

नोकरी संपली, काम संपले नाही

बाळ दोन-तीन वर्षांचे असेल-नसेल, तेवढ्यात रामजीबाबा सैन्यातून निवृत्त झाले. त्याच सुमारास आणखी एक घाव बसला होता. १८९२ च्या आसपास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या वाटेने आंबडव्याचे एक कुटुंब वर आले, ती वाट पुढच्या पिढीला बंद झाली. रामजीबाबांना आता पेन्शन होती, त्यांच्यापुरते ते मोकळे होते. तरी ते गप्प बसले नाहीत. या बंदीविरुद्ध सरकारकडे दाद मागण्यासाठी त्यांनी धडपड केली आणि अर्जाच्या कामी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. स्वतःचे भागले तरी समाजाचे भागले नाही, हे ज्याला टोचते तोच खरा घरधनी, असे आमचे मत आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बिऱ्हाड कोकणात दापोलीला आणले. दापोली कॅम्पात लष्करी पेन्शनरांची वस्ती होती. तिथे कायमचे राहावे असा त्यांचा विचार होता, पण तो बदलला. घरात तोंडे जास्त आणि पेन्शन तुटपुंजी. शेवटी साताऱ्याला सरकारी बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली आणि पुन्हा बिऱ्हाड हलले. हेडमास्तर म्हणून आयुष्य घालवलेला सुभेदार आता सामानाच्या याद्या लिहायला बसला. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. काम म्हणजे काम.

साताऱ्यात १८९६ साली भीमाबाई गेल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचा. घरात स्वयंपाक करायला बाई नाही. रामजीबाबांची बहीण मीराबाई, म्हणजे पोरांची आत्या, घरात होती. अत्यंत मायाळू बाई. पण शरीराने अधू, चालायलाही कोणाचा तरी आधार लागायचा. तिने पोरांना मायेने वाढवले. पण चुलीजवळचे काम पोरांनाच उरकावे लागे. भात आणि मटण एकत्र शिजवले की झाले, म्हणून पोरे पुलावच जास्त करायची, अशी आठवण बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. वाचताना हसू येते आणि डोळेही भरून येतात.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. ते आजचे प्रतापसिंह हायस्कूल. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आपण त्या दिवशी मुलांना वह्या वाटतो, फुले वाहतो. पण शाळेत पोरगा आपला आपण जात नसतो. त्याला कोणीतरी नेऊन बसवावे लागते. वर्गात बसायला घरून गोणपाट न्यायचे, तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतेपर्यंत वाट बघायची, न्हावी डोक्याला हात लावत नाही म्हणून बहिणीने केस कापायचे, हे सगळे त्या बापाला माहीत होते. तरीही त्याने पोराला शाळेतून काढले नाही.

गोरेगावची वाट

साताऱ्यात असतानाच तो गोरेगावच्या प्रवासाचा प्रसंग घडला. बाबासाहेबांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. त्या १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पुस्तिका म्हणून छापल्या. तिच्यात हा प्रसंग सविस्तर आहे. आपण तो नेहमी मुलाच्या बाजूने सांगतो. आज जरा बापाच्या बाजूने बघू.

साल १९०१. दुष्काळाने माणसे हजारोंनी मेलेली. सरकारने दुष्काळी काम म्हणून खटाव तालुक्यात गोरेगावला तलाव खोदायला काढला होता. रामजीबाबा तिथे कॅशियर होते. मजुरांच्या पैशाचा हिशोब त्यांच्या हाती, त्यामुळे त्यांना जागा सोडून साताऱ्याला येता येईना. आई नसलेली पोरे एकीकडे, बाप दुसरीकडे. म्हणून त्यांनी पोरांना पत्र लिहिले की उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्हीच इकडे या. पोरांना केवढा आनंद! नवे कपडे, जरीच्या टोप्या, आगगाडीचा पहिला प्रवास. भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले अशी चौघे निघाली. निघण्याआधी पोरांनी बापाला पत्रही टाकले की अमुक दिवशी येतो, मसूर स्टेशनावर माणूस पाठवा.

मसूरला गाडी संध्याकाळी पोहोचली. स्टेशनावर कोणीच नाही. स्टेशन मास्तर आधी आपुलकीने विचारपूस करू लागला आणि पोरे महाराची आहेत हे कळताच मागे सरकला. गाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, पोरांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशा बोलीवर एक गाडी मिळाली. बरोबर जेवण होते, पण प्यायला पाणी कोणी देईना. रात्री टोलनाक्याजवळ थांबले. गाडीवानाने सुचवले म्हणून भीमरावाने उर्दूत बोलून आपण मुसलमान असल्याचे सांगितले, तरी पाणी मिळाले नाही. उपाशीपोटी, तहानेने, भीतीने रात्र काढून दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पोरे गोरेगावला पोहोचली.

आता बापाकडे बघा. पोरे दारात उभी राहिली तेव्हा रामजीबाबा चकित झाले. ते पत्र त्यांच्या हाती पडलेच नव्हते. नोकराने ते घेतले होते आणि द्यायला विसरला होता. एवढीशी चूक, आणि चार लेकरे रात्रभर रानात. ज्या माणसाने दुष्काळी कामावर शेकडोंच्या मजुरीचा चोख हिशोब ठेवला, त्याच्या स्वतःच्या लेकरांना त्या रात्री घोटभर पाणी मिळाले नाही. ही सल त्यांच्या मनातून गेली नसेल असेच आम्हाला वाटते. आपल्यातले कितीतरी बाप कामानिमित्त बाहेरगावी होते. गिरणीची पाळी, रेल्वेची ड्युटी, बंदरावरचे काम. घरी पोर तापाने फणफणले तरी निरोप दोन दिवसांनी पोहोचायचा. त्यांना हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही.

डबक चाळीतली एक खोली

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. ज्यांनी चाळीची खोली पाहिली आहे त्यांना ती डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. तीच चूल, तेच झोपणे, तेच अभ्यास करणे. भांडीकुंडी, सरपण, धूर. उशाशी जाते आणि पायाशी शेळी, अशी चरित्रात नोंद आहे. अशा खोलीत पोराने अभ्यास कधी आणि कुठे करायचा?

रामजीबाबांनी यावर तोड काढली. त्याला ना पैसा लागला, ना कोणाची शिफारस. ते पोराला संध्याकाळी लवकर झोपवायचे आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागायचे. दोन वाजले की पोराला उठवायचे, तो अभ्यासाला बसला की त्याच्या जागी आपण आडवे व्हायचे. एका माणसापुरती जागा, ती बापाने आणि लेकाने अशी वाटून घेतली. चिमणी नसलेल्या रॉकेलच्या दिव्याखाली भीमराव पहाटेपर्यंत वाचायचा.

बांधवांनो, ही गोष्ट आम्ही लहानपणी ऐकली तेव्हा भीमराव दोन वाजता उठायचा याचेच कौतुक वाटले होते. बाप दोनपर्यंत जागायचा, हे कानावर पडूनही डोक्यात शिरले नव्हते. स्वतः बाप झाल्यावर, दिवसभर राबून आल्यावर रात्री दहा वाजता डोळे मिटायला लागले, तेव्हा ते कळले. दिवसभराचे काम, वय झालेले शरीर, आणि रोज दोनपर्यंत जागरण. एक दिवस नाही, दोन दिवस नाही.

शिकवणीचे काम घरातच चालायचे. हेडमास्तर निवृत्त झाला तरी त्याची शाळा बंद झाली नव्हती. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके भीमरावाकडून पाठ करून घ्यायची, तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके करून घ्यायची, मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता ते घासून घासून शिकवायचे. ज्या इंग्रजीने पुढे मोठमोठ्या विद्वानांना आणि साहेबांना गप्प केले, तिचा पाया चाळीच्या या खोलीत घातला गेला.

पुस्तकांचा तर भीमरावाला नादच. पुस्तक पाहिजे म्हटले की पाहिजे. पेन्शनीत ते बसायचे कुठून? रामजीबाबा मग आपल्या लग्न झालेल्या लेकींकडे जायचे. आधी धाकटीकडे उसने मागायचे. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. तिच्याकडेही रोकड नसली तर ती अंगावरचा दागिना काढून द्यायची. तो सावकाराकडे गहाण टाकून पैसे आणायचे, पुस्तक घ्यायचे, आणि पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत नेऊन द्यायचे. बापाने लेकीच्या दारात हात पसरणे आपल्यात किती जड असते! सुभेदाराच्या हुद्द्याच्या माणसाने ते वारंवार केले. आणि त्या दोघी बहिणींनाही आपण विसरता कामा नये. मंजुळा आणि तुळसा यांच्या दागिन्यांवर भीमरावाची पुस्तके आली.

आनंदरावांचेही तसेच. दोघांना शिकवण्याची ऐपत नव्हती. मोठ्याने शाळा सोडली, नोकरी धरली आणि धाकट्याची शाळा चालू राहिली. असा निर्णय घेताना बापाला काय वाटले असेल, हे ज्यांच्या घरात एकाला शिकवण्यासाठी दुसऱ्याला कामाला लावावे लागले, त्यांनाच माहीत.

बापातली माणूसपणाची बाजू

मोठ्या माणसाबद्दल लिहायचे म्हणजे सगळे चांगलेच लिहायचे, अशी एक रीत पडली आहे. ती आम्हाला पटत नाही. रामजीबाबाही माणूसच होते. भीमाबाईंच्या मागे त्यांनी जिजाबाईंशी दुसरे लग्न केले. घर सांभाळायला बाई हवी हा त्यांचा विचार होता. पण लहानग्या भीमरावाला ते रुचले नाही. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर बघून तो बिथरायचा. बापाच्या जिवावर राहायचे नाही, मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्याच्या मनाने घेतले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायचा त्याने रात्री प्रयत्न केला. अखेर ती हाती लागली तर तिच्यात निघाला फक्त अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने भीमरावाला शरम वाटली आणि त्याने अभ्यासाची कास धरली. घरात तेव्हा किती ओढाताण होती, हेही त्या अर्ध्या आण्यावरून कळते.

रामजीबाबा शिस्तीचे कडक होते. संध्याकाळी दिवे लागले की घरात भजन व्हायचे, कबीराचे दोहे व्हायचे, आणि मुलामुलींनी रामायण-महाभारताचे वाचन करायचे. यात सुट्टी नाही. ही हकीगत बाबासाहेबांनी एप्रिल १९५६ मध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात सांगितली आहे. भीमराव इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाला तेव्हा वस्तीतल्या लोकांना त्याचा सत्कार करावासा वाटला. पण बाप आडवा आला. एक परीक्षाच तर पास झालाय, एवढ्यावर सभा घेतली तर पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. शेवटी लोकांनी रामजीबाबांचे स्नेही दादा केळूसकर यांना मध्ये घातले, त्यांनी समजूत काढली आणि सभा झाली. कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी त्या सभेत आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाला बक्षीस दिले.

आपल्या दृष्टीने ही सभा फार मोलाची. बुद्धाचे नाव त्या घरात अशा रीतीने आले. पुस्तक वाचून भीमरावाने बापालाच सवाल केला की तुम्ही आम्हाला बुद्धाचे काही का वाचायला दिले नाही, ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हलकाई सांगणारे ग्रंथच का वाचायला लावता? दुसरा एखादा बाप असता तर पोराच्या थोबाडीत बसली असती. रामजीबाबांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य आहोत, त्यामुळे मुलांच्या मनात न्यूनगंड शिरण्याची भीती आहे. द्रोण, कर्ण ही माणसे गरिबीतून आणि खालच्या पायरीवरून किती वर चढली ते पाहा, वाल्मीकी तर कोळी होता. हे वाचून मनातला न्यूनगंड जावा, असा त्यांचा हेतू होता. मुलाचे समाधान झाले नाही. महाभारतातली पात्रे आपल्याला आवडत नाहीत, हे त्याने बापाला स्पष्ट सांगितले.

आम्हाला यात दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की रामजीबाबांच्या हाती त्या वेळी जे होते, त्यातून त्यांनी मुलांना ताठ मानेने उभे राहायला शिकवले. साधन आज आपल्याला पटणारे नाही, पण काळजी खरी होती. दुसरी गोष्ट जास्त मोठी. त्या घरात मुलाला बापाला प्रश्न विचारता येत होता. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून घ्या, ही तथागतांची शिकवण आपण दर रविवारी विहारात ऐकतो. रामजीबाबा बौद्ध नव्हते. पण प्रश्न विचारणारा मुलगा त्यांनी घडवला, आणि पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्या मुलाने लाखो लोकांना धम्माच्या वाटेवर आणले. बाबासाहेब बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले गुरू मानत. त्यातले कबीर तर त्यांना घरातच, बापाच्या तोंडून भेटले होते.

सुरतची मिठाई

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. रमाईंशी लग्न झाले होते, तेही भायखळ्याच्या बाजारात, दिवसभराची गर्दी ओसरल्यावर, रात्री. बापाची ऐपत तेवढीच होती. एल्फिन्स्टन कॉलेजच्या खर्चाला पेन्शन पुरेना, तेव्हा केळूसकरांच्या मध्यस्थीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना पंचवीस रुपयांची स्कॉलरशिप मिळाली. १९१२ साली भीमराव बी.ए.ची परीक्षा पास झाले. त्याच वर्षी डिसेंबरात यशवंतराव जन्मले. सुभेदार आजोबा झाले.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी निघाले. त्यांनी बडोद्याला जाऊ नये असे रामजीबाबांना वाटत होते. तिथे जातीचा जाच सोसावा लागेल, ही त्यांची धास्ती होती आणि ती पुढे खरीही ठरली. पण मुलाने शब्द दिला होता. तो गेला. थोड्याच दिवसांत बडोद्याला तार आली, वडील अत्यवस्थ आहेत.

भीमराव मिळेल त्या गाडीने निघाले. वाटेत सुरत स्टेशन लागले. बापासाठी काहीतरी गोड न्यावे म्हणून ते मिठाई घ्यायला खाली उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. घरी पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. बाप वाट बघत होता. डोळे पोराला शोधत होते. त्याला पाहिले, त्याच्या पाठीवरून थरथरता हात फिरवला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. ज्यांच्या डोळ्यांत पाणी सहसा दिसत नसे, ते भीमराव त्या दिवशी धाय मोकलून रडले.

पहिल्या पगाराच्या दिवसांत प्रत्येक मुलाला आईबापासाठी काहीतरी न्यावेसे वाटते. बहुतेकांना ते साधते. या मुलाला साधले नाही. त्याच वर्षी उन्हाळा सरल्यावर महाराजांच्या स्कॉलरशिपवर भीमराव अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात गेले. लेकीचे दागिने गहाण टाकून आणलेल्या पुस्तकांचे चीज झाले. पण ते बघायला रामजीबाबा सहा महिनेसुद्धा थांबू शकले नाहीत.

मुलाने ते ऋण विसरले नाही. १९२३ साली लंडनला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या विषयावर बोलण्याचा मक्ता साहेबांचा समजला जाई, त्या विषयावरचा हा ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी जो त्याग केला आणि जी जाण दाखवली, तिची कृतज्ञता त्यांनी तिथे नोंदवली आहे. रुपयाच्या प्रश्नावरचे पुस्तक, आणि ते अर्पण केले कोणाला, तर ज्याला पुस्तकापुरते रुपये जमवताना लेकींच्या दारी जावे लागले त्या बापाला!

आपल्यासाठी

रामजीबाबांनी मागे इस्टेट ठेवली नाही, बंगला ठेवला नाही. एक मुलगा ठेवला, आणि तो कोट्यवधींचा बाप झाला. म्हणूनच आपण बाबासाहेबांना बाप म्हणतो. पण बापालाही बाप असतो, हे ध्यानात ठेवू या.

आज आपल्या वस्तीत परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. दिव्याला चिमणी नाही अशी वेळ आता कोणावर नाही. घरात पंखा आहे, टीव्ही आहे, हातात मोबाइल आहे. पुस्तकासाठी दागिना मोडावा लागत नाही, क्लासच्या फीसाठी मात्र अजूनही कुठे कुठे मोडावा लागतो. जागा कमी पडते म्हणून मुले संध्याकाळी विहारात येऊन अभ्यास करतात. त्यांना बघून बरे वाटते. पण आम्ही आमच्यासकट सगळ्या पालकांना एकच विचारतो. मुलाच्या अभ्यासासाठी आपण रात्री किती वाजेपर्यंत जागतो? फी भरली, दप्तर आणले, म्हणजे आपले काम झाले का? रामजीबाबांकडे फीचे पैसे नव्हते, पण त्यांच्याकडे वेळ होता, आणि तो त्यांनी आपल्या झोपेतून काढला होता. घरात आवाज कमी करणे, मुलाजवळ नुसते बसणे, त्याच्या प्रश्नाला न रागावता उत्तर देणे, बाटलीला हात न लावणे, लेकीलाही लेकाइतकेच शिकवणे, यातले काहीच पैशाने होत नाही.

दरवर्षी २ फेब्रुवारीला विहारात सायंकाळच्या वंदनेनंतर पाच मिनिटे सुभेदार रामजींच्या स्मृतीसाठी ठेवावीत, अशी सूचना आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व उपासक-उपासिकांपुढे ठेवतो. त्या दिवशी ज्याने त्याने आपल्या बापाची, आज्याची एखादी खरी आठवण सांगावी. गिरणीतली, गोदीतली, रुळावरची, शेतातली, झाडूकामातली. मुलांनी ती वहीत लिहून घ्यावी. मोठ्या माणसांची चरित्रे लिहिणारे पुष्कळ आहेत, आपल्या म्हाताऱ्यांची चरित्रे आपणच लिहिली पाहिजेत.

डबक चाळीतल्या त्या खोलीत रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या बापाला, त्याला साथ देणाऱ्या भीमाईला, मीरा आत्याला आणि दोन्ही लेकींना आमचे त्रिवार विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय! जय भीम!